आउटलुकची फाइल पुन्हा पुन्हा भरते: मेल अडकला की काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

सीएचं ऑफिस असो, कस्टम्सची कामं करणारा क्लिअरिंग एजंट असो, आर्किटेक्ट असो की मरोळचा छोटा कारखानदार, मुंबईतल्या लहान ऑफिसांत मेलची मांडणी साधारण एकसारखी असते. पाच-सात कॉम्प्युटर, कंपनीच्या नावाचे मेल आयडी, आणि प्रत्येक मशीनवर दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार एकाच आउटलुक फाइलमध्ये. त्यामुळे बिघाडही सगळीकडे तोच येतो, आणि बहुतेक वेळा नेमका जुलै किंवा सप्टेंबरच्या शेवटी, रिटर्न आणि ऑडिटच्या गडबडीत.

लक्षणं

- सेंड-रिसीव्ह सुरू होतं, अर्ध्यावर थांबतं आणि डेटा फाइल कमाल आकाराला पोहोचल्याचा मेसेज येतो.
- मोबाइलवर मेल दिसतो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही.
- पाठवलेला मेल आउटबॉक्समध्येच बसून राहतो. कधी समोरच्याला तोच मेल दोन-तीनदा जातो.
- मेल डिलीट करायला गेलं तरी एरर येते.
- फोल्डर बदलला की आउटलुक ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होऊन मिनिटभर गोठतं.
- समोरचा फोन करून सांगतो, ‘तुमचा मेलबॉक्स फुल आहे, मेल परत आला.’

शेवटचं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. तिथून सुरुवात करा.

१. आधी ब्राउझरमधून मेल उघडा

फुकटचं काम आहे आणि दोन मिनिटांत होतं. क्रोममध्ये तुमच्या मेलच्या वेबसाइटवर लॉगिन करा आणि आजचे मेल तिथे आहेत का ते बघा.

मेल तिथे आहेत पण आउटलुकमध्ये नाहीत, तर अडचण तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलची आहे. मेल तिथेही नाहीत आणि लोकांना ते परत जात आहेत, तर सर्व्हरवरची जागा संपली आहे. या दोन मर्यादांचा एकमेकींशी संबंध नाही. इथे गफलत झाली की लोक कॉम्प्युटरवरची फाइल तासन्‌तास साफ करतात आणि मेल परत जातच राहतात.

सर्व्हर भरला असेल तर कारण शोधा. जीमेलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, पण ते ड्राइव्ह आणि फोटो यांच्यासह. मोबाइलचे फोटो त्याच खात्यात जात असतील तर मेलचा दोष नाही. कंपनीच्या डोमेनचा मेल पॉपने (सर्व्हरवरून मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची पद्धत) येत असेल, तर आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये, मोअर सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर’ ही खूण असते. तिच्याखाली ‘किती दिवसांनी काढून टाका’ असा पर्याय आहे. वरची खूण आहे आणि खालची नाही, तर प्रत्येक मेल सर्व्हरवर कायमचा साठत जातो. १४ किंवा ३० दिवस ठेवा. एकच खातं दोन मशीनवर पॉपने चालत असेल तर ३०च ठेवा, नाहीतर सुट्टीवरून परतलेल्याला मधले मेल मिळायचे नाहीत. ही खूण बदलण्यापूर्वी जुने मेल खरोखर कॉम्प्युटरवर उतरले आहेत ना, एवढं मात्र पाहून घ्या.

२. डिस्कवर जागा आहे का, आणि डिस्क कोणत्या फॉरमॅटची

‘धिस पीसी’ उघडा. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर आउटलुकला दोष देऊ नका, आधी जागा मोकळी करा. पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीला मोकळी जागा लागते.

फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल सिस्टिम ‘फॅट३२’ असेल तर एका फाइलची मर्यादा ४ जीबी, मग आउटलुक कितीही नवं असो. पेनड्राइव्हवर बॅकअप घेताना ‘फाइल टू लार्ज’ येतं त्याचंही कारण बहुधा हेच. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेली डिस्क वापरा. फॉरमॅट बदलताना आतलं सगळं जातं, हे विसरू नका.

३. कोणती फाइल, किती मोठी

आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, पुन्हा अकाउंट सेटिंग्ज, मग डेटा फाइल्स हा टॅब. फाइल निवडून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबा, थेट त्या जागेवर पोहोचता. हे मेनू दिसतच नसतील तर तुम्ही ‘न्यू आउटलुक’मध्ये आहात. वरच्या कोपऱ्यातलं बटण बंद करून जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये या.

इथे दोन गोष्टी टिपून घ्या: फाइलचा आकार आणि शेवटची तीन अक्षरं.

पीएसटी म्हणजे तुमचे मेल फक्त इथेच आहेत, असं धरून चाला. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची कॉम्प्युटरवरची प्रत. ओएसटी बिघडली तर पुन्हा उतरवता येते. पीएसटी गेली तर गेली. पुढचं सगळं या फरकावर ठरतं.

मर्यादा अशा आहेत. आउटलुक ९७ ते २००२ च्या काळातली जुनी पीएसटी: २ जीबी. आउटलुक २००३ आणि २००७: २० जीबी. २०१० पासून पुढे: ५० जीबी. पण ५० जीबीवाल्या फाइलमध्ये नवे मेल घेणं त्याआधीच थांबतं, ४८,६४० एमबीला, म्हणजे ४७.५ जीबीच्या आसपास. उरलेली जागा आउटलुक स्वतःच्या अंतर्गत कामासाठी राखून ठेवतं. ‘अजून अडीच जीबी बाकी आहेत, मग का अडलं?’ या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे.

फाइल २ जीबीच्या जवळ अडकली असेल तर ती जुन्या फॉरमॅटची आहे. बऱ्याच ऑफिसांत कॉम्प्युटर चारदा बदलला, आउटलुक नवं आलं, पण फाइल तीच पुढे पुढे कॉपी होत आली. नवं आउटलुक तिची मर्यादा वाढवत नाही. त्याच यादीत फाइलच्या सेटिंग्जमध्ये फॉरमॅटपुढे ‘९७-२००२’ असं दिसेल. उपाय एकच: नवी पीएसटी बनवून त्यात मेल हलवायचे. जुनी फाइल २ जीबी ओलांडून गेली असेल आणि उघडतच नसेल, तर खाली ‘कुठे थांबायचं’ ते वाचा.

आणि फाइल १० किंवा २० जीबीसारख्या गोल आकड्याला अडली असेल, आउटलुक मात्र नवं असेल, तर कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदीत) किंवा सर्व्हरच्या पॉलिसीत मुद्दाम मर्यादा लावली आहे. ऑफिसचा सिस्टिम ॲडमिन असेल तर त्याला विचारा.

४. हात लावण्यापूर्वी कॉपी

आउटलुक बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये ते खरंच बंद झालं का ते पाहा, कारण खिडकी बंद झाली तरी ते काही वेळ मागे चालू राहतं. मग पीएसटी एक्स्टर्नल हार्डडिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन्हींचा आकार जुळवा.

ही पायरी टाळू नका. पुढे काहीही चुकलं तर परत येण्याची जागा हीच. आउटलुक चालू असताना घेतलेली कॉपी धरू नका.

५. जागा नेमकी कुणी खाल्ली

डावीकडे सर्वांत वर खात्याचं नाव असतं. त्यावर राइट क्लिक, डेटा फाइल प्रॉपर्टीज, मग ‘फोल्डर साइझ’. प्रत्येक फोल्डरचा आकार केबीमध्ये दिसतो.

बहुतेक जण इनबॉक्स साफ करत बसतात. यादी मात्र वेगळंच सांगते. आर्किटेक्टच्या ऑफिसचं उदाहरण घ्या: १८ एमबीची ड्रॉइंगची पीडीएफ क्लायंटकडून आली, ती कॉन्ट्रॅक्टरला फॉरवर्ड झाली, दुरुस्त होऊन परत आली, पुन्हा क्लायंटला गेली. एका ड्रॉइंगच्या चार प्रती, दोन इनबॉक्समध्ये आणि दोन सेंट आयटम्समध्ये, मिळून ७२ एमबी. असं महिन्यात तीस ड्रॉइंगचं झालं तर २ जीबीच्या वर. म्हणून सेंट आयटम्स आधी बघा. रिप्लाय केल्यावर मूळ अटॅचमेंट परत जात नाही, फॉरवर्ड केल्यावर जाते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सहीखालचा कंपनीचा मोठा लोगो मात्र रिप्लायमध्येही जातो, प्रत्येक वेळी. दहा-बारा रिप्लायच्या साखळीत सगळ्यांचे लोगो साठत जातात. लोगो पन्नास केबीच्या आत ठेवा.

मोठ्या फोल्डरमध्ये मेलची मांडणी ‘साइझ’ने करा. आउटलुक स्वतःच गट पाडून देतं. सर्वांत वर ‘एनॉर्मस’, म्हणजे ५ एमबीच्या वरचे, मग ‘ह्यूज’, १ ते ५ एमबीचे. पहिल्या गटातल्या अटॅचमेंट कामाच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. मेल ठेवायचा असेल तर तो उघडून अटॅचमेंटवर राइट क्लिक, ‘रिमूव्ह अटॅचमेंट’, मग मेल सेव्ह. पत्रव्यवहाराचा मजकूर राहतो, वजन जातं.

काय डिलीट करायचं नाही, तेही ठरवून ठेवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. बिलं, चलनं, कन्फर्मेशन ज्यात आहेत ते मेल कर्मचाऱ्याने स्वतःच्या मनाने उडवू नयेत. सीएला विचारूनच.

६. डिलीट केलंत, पण कॉम्पॅक्ट केलंत का

हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो तो सगळ्यांत जास्त या एका गोष्टीमुळे. मेल डिलीट केला की तो डिलीटेड आयटम्समध्ये जातो, म्हणजे त्याच फाइलमध्ये राहतो. तो फोल्डर रिकामा केला तरी फाइल लगेच लहान होत नाही. चाळीतला भाडेकरू गेला तरी खोली तिथेच राहते, तसं आहे. आत रिकामी जागा तयार होते, बाहेरून आकार तोच. नवे मेल त्या रिकाम्या जागेत बसू शकतात, आणि मशीन निवांत असताना आउटलुक मागच्या मागे थोडं थोडं आवरतंही. पण दिवसभर कामात असलेल्या मशीनवर, संध्याकाळी बटण दाबून बंद होणाऱ्या मशीनवर, ते काम कधी पुरं होतच नाही.

म्हणून कॉम्पॅक्ट, म्हणजे आतली रिकामी जागा काढून फाइल आवळणं, हाताने करा. आधी डिलीटेड आयटम्स आणि जंक रिकामे करा. मग मघाचीच डेटा फाइल प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, ‘कॉम्पॅक्ट नाऊ’. फाइल मोठी असेल तर काही तास लागतात. प्रगतीची पट्टी हलत नाही असं वाटलं तरी टास्क मॅनेजरमधून आउटलुक मारू नका. फाइल अर्धवट लिहिली जाते आणि साध्या अडचणीचा मोठा बिघाड होतो.

संध्याकाळी ऑफिस सुटताना लावा आणि रात्रभर चालू द्या. यूपीएस किंवा चार्ज झालेला लॅपटॉप हवाच. पावसाळ्यात जुन्या इमारतींत मीटरच्या खोलीत पाणी शिरून मेन ट्रिप होतो. जोरदार पावसाचा इशारा असेल त्या रात्री कॉम्पॅक्ट लावूच नका. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ही बंद करा.

फाइल इतकी भरली आहे की डिलीटही होत नाही, अशी वेळ येते. तेव्हा मेल निवडून शिफ्ट दाबून डिलीट करा. मेल डिलीटेड आयटम्समध्ये न जाता थेट जातो. तो परत मिळणार नाही, म्हणून आधी चौथी पायरी झालेली हवी आणि सुरुवात जंकपासून करावी.

७. वर्षवार वेगळी फाइल

सफाईने काही महिने निघतात. कायमचा उपाय म्हणजे जुने मेल वेगळ्या पीएसटीत. होम टॅबवर न्यू आयटम्स, मोअर आयटम्स, आउटलुक डेटा फाइल. नाव आर्थिक वर्षाचं द्या: ‘मेल २०१९-२०’. एप्रिल ते मार्च असंच ठेवा, कारण आपल्याकडे जुना मेल शोधण्याची वेळ नोटीस किंवा असेसमेंटमुळेच येते आणि तिथे वर्ष त्याच पद्धतीने मोजतात. एका फाइलमध्ये १० जीबीच्या वर जाऊ नका. मर्यादा ५० ची असली तरी मोठी फाइल उघडायला, शोधायला आणि दुरुस्त करायलाही जड जाते.

मेल हलवताना एका वेळी दोन-तीन हजारच घ्या. चाळीस हजार मेल एकदम ओढले की आउटलुक गोठतं आणि कोणते गेले, कोणते राहिले, ते कळत नाही. हलवून झाल्यावर मूळ फाइल पुन्हा कॉम्पॅक्ट करायची. नाहीतर तिचा आकार पूर्वीइतकाच दिसेल.

आउटलुकमध्ये तयार ‘आर्काइव्ह’ची सोय आहे, पण तिच्यात एक खोच आहे. ती मेल आल्याची तारीखच नव्हे, मेलमध्ये शेवटचा बदल कधी झाला तेही पाहते. गेल्या महिन्यात तुम्ही जुने मेल दुसऱ्या फाइलमधून इंपोर्ट केले असतील, तर २०१५ चे मेलही तिच्या लेखी ताजे ठरू शकतात. आर्काइव्ह चालवलं आणि काहीच हललं नाही, असं त्यामुळेच होतं. हाताने हलवणं जास्त खात्रीचं.

या वर्षवार फाइली ऑफिसच्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या सामाईक डिस्कवर) किंवा शेअर केलेल्या फोल्डरवर ठेवून थेट उघडू नका. पीएसटी नेटवर्कवरून वापरण्यासाठी बनलेली नाही. वायफाय क्षणभर तुटलं तरी ती बिघडू शकते. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येही नको. एनएएसवर बंद फाइलची बॅकअप कॉपी ठेवणं मात्र योग्य.

८. ओएसटी भरली असेल तर

इथे काम सोपं आहे. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा कंपन्यांसाठीचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं खातं असेल, तर अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘चेंज’ दाबा. किती काळाचे मेल कॉम्प्युटरवर ठेवायचे याची सरकपट्टी दिसेल. ती ‘ऑल’वर असेल तर एक वर्षावर आणा. जुने मेल सर्व्हरवर राहतात, शोधले की मिळतात. आउटलुक बंद करून उघडा, मग ही फाइलही कॉम्पॅक्ट करा.

फाइल बिघडलीच असेल तर आउटलुक बंद करून ओएसटीचं नाव बदला आणि पुन्हा उघडा. ती नव्याने उतरते. त्याआधी ब्राउझरमध्ये सगळे फोल्डर दिसतात का ते तपासा. आयमॅप खात्यात (जिथे मेल सर्व्हरवरच राहतात) ज्या फोल्डरपुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ लिहिलेलं असतं त्यांतलं काहीही सर्व्हरवर नसतं. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स बहुधा त्यातच असतात.

थंडरबर्ड वापरत असाल तर

थंडरबर्ड या आउटलुकसारख्याच मेलच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फोल्डरची वेगळी फाइल असते. जुन्या आवृत्त्यांत एका फोल्डरला ४ जीबीची मर्यादा होती. नव्यांत तशी नाही, पण नियम तोच: डिलीट केलेल्या मेलवर नुसती खूण होते, फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच जागा सुटते. कॉम्पॅक्ट होताना फोल्डरची नवी प्रत बनते, म्हणून त्या फोल्डरइतकी मोकळी जागा लागते.

प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये, म्हणजे थंडरबर्ड कॉम्प्युटरवर मेल ठेवतं तिथे, ‘इनबॉक्स’ नावाच्या दोन फाइली दिसतील. जिच्यापुढे एमएसएफ आहे ती फक्त सूची, ती पुन्हा बनते. जिच्यापुढे काहीच नाही तिच्यात तुमचे सगळे मेल आहेत. आकाराने मोठी आणि ओळखीची नाही म्हणून लोक तीच डिलीट करतात. अँटिव्हायरसही कधी एका व्हायरसच्या मेलमुळे ही अख्खी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. इनबॉक्स अचानक रिकामा दिसला तर तिथे शोधा आणि प्रोफाइलचा फोल्डर स्कॅनमधून वगळा.

९. स्कॅनपीएसटी

फाइलचा आकार मर्यादेच्या आत आहे आणि तरीही एरर येते, तेव्हाच हे. मायक्रोसॉफ्टचं हे दुरुस्तीचं टूल ऑफिससोबतच आलेलं असतं: प्रोग्राम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६. ते कुठून डाउनलोड करू नका. आउटलुक बंद ठेवून फाइल निवडा, ‘बॅकअप’ची खूण तशीच राहू द्या आणि रिपेअर करा. फाइलइतकीच मोकळी जागा लागेल. एकदा चालवून थांबू नका. पहिल्या फेरीत वरच्या चुका निघतात, त्याखालच्या पुढच्या फेरीत दिसतात. चुका नाहीत असं सांगेपर्यंत चालवा. सुटलेले मेल ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये येतात, तोही पाहा.

१०. रजिस्ट्रीत मर्यादा वाढवणं

इंटरनेटवर हा उपाय पहिला सांगतात. माझ्या मते तो शेवटचाच हवा, आणि तोही मेल हलवायला दोन दिवस मिळावेत एवढ्यापुरता. ६० जीबीची फाइल बिघडली तर तिला दुरुस्त करायला तितकाच जास्त वेळ आणि तितकीच जास्त डिस्क लागते.

करायचंच असेल तर: करंट यूजरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.०, आउटलुक, पीएसटी. तिथे मॅक्स लार्ज फाइल साइझ आणि वॉर्न लार्ज फाइल साइझ अशा दोन डीवर्ड किमती, शब्द जोडून, इंग्रजीत. आकडे एमबीमध्ये. मूळ आकडे ५१,२०० आणि ४८,६४०. ६० जीबीसाठी ६१,४४० आणि ५८,३६८. दुसरा आकडा पहिल्याच्या ९५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. भरताना ‘डेसिमल’ निवडा. हेक्साडेसिमलवर राहून ६१४४० टाकलंत तर मर्यादा ३,९८,४०० एमबी होते आणि फाइल डिस्क भरेपर्यंत वाढत राहते.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पुढचं काही दिसलं तर स्वतः प्रयत्न करू नका.

हार्डडिस्कमधून टकटक आवाज येतो, किंवा कॉपी करताना एकाच जागी अडकतं. हा डिस्कचा बिघाड आहे, मेलचा नाही. मशीन लगेच बंद करा, स्कॅनपीएसटी तर अजिबात चालवू नका. मरत्या डिस्कवरचं प्रत्येक वाचन उरलेलं नुकसान वाढवतं.

पीएसटीचा आकार ० केबी दिसतो, किंवा फाइलच नाहीशी झाली आहे. त्या डिस्कवर काहीही नवं लिहू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका.

जुनी फाइल २ जीबी ओलांडून बंद पडली आहे. ती उघडण्यासाठी शेवटचा भाग कापावा लागतो, म्हणजे काही मेल जाणारच. ते काम कॉपीवर आणि जाणकारानेच करावं.

स्कॅनपीएसटी चार-पाच फेऱ्यांनंतरही त्याच चुका दाखवतं. किंवा मेल कोर्टाच्या किंवा टॅक्सच्या वादात पुरावा म्हणून लागणार आहेत. अशा फाइलमध्ये दुरुस्तीसाठीही हात घालण्याआधी वकिलाला विचारा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात किंवा इतर कुठेही डेटा परत मिळवायला डिस्क देताना तीन गोष्टी आधी ठरवा. काम मूळ डिस्कवर नव्हे तर तिच्या पूर्ण प्रतीवर होणार का. डेटा मिळाला नाही तर किती पैसे. आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसल्याचं लेखी मिळणार का, कारण त्या फाइलमध्ये तुमच्या क्लायंटचे पॅन, बँकेचे तपशील आणि सह्यांचे स्कॅन आहेत. पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या.